कुलपातली पुस्तकं

डांबरगोळ्यांचा वास आला की अजून एक पेटी डोळ्यांपुढे येते. ऐंशीच्या दशकात मूल गावाजवळच्या आमच्या जंगलातल्या शाळेत गोष्टीच्या पुस्तकांची लाकडी पेटी होती, पण तिला कायम कुलूप. गुरुजी म्हणायचे, "पोट्टेहो, फाडून टाकाल. मंग तपासणीले आलेल्या सायबाले काय दाखवू?" आम्ही पेटी बाहेरून पुसायचो आणि फटीतून तो वास हुंगायचो.

एकदा नव्या बाईंनी हट्टानं कुलूप उघडायला लावलं. वरचं हत्तीचं चित्र लखलखीत होतं. मी झडप घालून पुस्तक उचललं, तर हातात नुसतं कव्हर आलं. खाली माती, आणि मातीत वळवळणारी वाळवी. गुरुजी पुटपुटले, "एकाही पोट्ट्याचा हात लागू देला नाई मी..."

आता मीच शिकवते. पोरांनी फाडलेलं पान खळीनं चिकटवताना मला हायसं वाटतं.