भीतीचा हप्ता

भीतीबाईंइतकं घाबरट माणूस मी आयुष्यात दुसरं पाहिलं नाही. रिक्षा जोरात वळली की त्या डोळे गच्च मिटून घेत. टपरीवरचा स्टोव्ह फरफरला की पिशवी छातीशी धरून उठून उभ्या राहत. आमच्या कंपनीचा भोंगा अवेळी वाजला, तर गॅस गळाल्याची बातमी यांनाच आधी कळली की काय, असा त्यांचा चेहरा होई. तरीही दर पगाराच्या दिवशी त्या बदलापूरहून अंबरनाथ एमआयडीसीत यायच्या आणि आमच्या गेटासमोरच्या चहाच्या टपरीवर, बाकड्याच्या अगदी कडेला बसायच्या. त्या पोस्टाच्या बचतीच्या एजंट होत्या. कंपनीतल्या पोरांकडून आरडीचे हप्ते घ्यायचे आणि पोस्टात नेऊन भरायचे, हे त्यांचं काम. 'भीतीबाई' हे नाव पोरांनीच ठेवलेलं होतं आणि ते त्यांना ठाऊक होतं.

माझा पहिला पगार झाला त्या दिवशी त्यांनी मला हाक मारली. नाव नाही, गाव नाही, एकदम प्रश्न. "कंपनीला उद्या कुलूप लागलं तर किती दिवस जेवशील?"

"बाई, आजच पहिला पगार झालाय. जरा शुभ बोला की!"

"शुभ बोलायला सगळं जग बसलंय. मी विचारलं त्याचं सांग."

वडील जाऊन वर्ष झालं होतं. आई दम्याची. उल्हासनगरात कॅम्प पाचला आमची भाड्याची एक खोली होती आणि कमावणारा मी एकटा. घरी जाताना रिक्षात मी मनातल्या मनात भाडं, आईच्या गोळ्या, किराणा असं मांडत गेलो आणि कॅम्प पाच आला तरी हिशेब पंधरा दिवसांच्या पुढे जाईना. पुढच्या पगाराला मी मुकाट्याने खातं उघडलं.

"आधी भिऊन घ्या, मग पिक्चरला जा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. म्हणजे हप्ता आधी, चैन नंतर. 'महिनाअखेरीला उरलं की देतो' म्हणणाऱ्याला त्या म्हणत, "उरलेला पगार आणि भूत, दोन्ही आजवर कुणी पाहिलेलं नाही." पोरं हसायची, पण पैसे काढून द्यायची.

ही भीती आली कुठून, ते त्यांनी एकदाच सांगितलं, तेही चहा गार होईपर्यंत थांबून. त्यांच्या नवऱ्याच्या कंपनीला एका सोमवारी कुलूप लागलं होतं. घरात साठवलेलं काही नव्हतं. किराणावाल्याने आधी उधारी बंद केली, मग बोलणं. "पीठ आठवड्यात संपलं," बाई म्हणाल्या. "नवरा संपायला जरा वेळ लागला." त्यानंतर त्या पदराने बाकडं पुसत बसल्या.

आमच्या डिपार्टमेंटमध्ये बोलीची भिशी चालायची. सगळ्यांनी दरमहा पैसे टाकायचे. ज्याला नड असेल त्याने थोडा तोटा सोसून रक्कम आधी उचलायची आणि तो तोटा बाकीच्यांत वाटला जायचा. म्हणजे जो थांबेल त्याचा फायदा. शेवटचा नंबर सगळ्यात जास्त कमवायचा, म्हणून ज्याला त्याला शेवटचाच नंबर हवा असे. शेजारच्या मशिनवरचा सुनील माझ्या मागेच लागला होता. "अबे, तुझं पोस्ट म्हणजे कासव आहे. आरडी तोड, भिशीत डाल. लास्ट नंबर उचलला की बदलापूरला खोलीचं डिपॉझिट सुटलं समज." आमचा घरमालक खोली खाली करा म्हणत होता. मला ते पटलं.

पासबुकं बाईंच्याच पिशवीत असत, म्हणून आरडी मोडायला मी त्यांच्याकडे माझं पासबुक मागितलं. त्या पांढऱ्याफटक पडल्या.

"भिशीत कोण कोण आहे?"

"सगळी आमच्याच डिपार्टमेंटची. ओळखीची माणसं. कुणी पळून जाणार नाही."

"पळत कुणीच नाही रे! पण हप्ता भरायला पगार नको का? ज्या गेटातून पगार येतो, त्या गेटाच्या आत बचत ठेवू नये, पोरा. आणि शेवटचा नंबर म्हणजे काय? सगळ्यांपेक्षा जास्त दिवस भ्यायचं."

पासबुक पुढच्या पगाराला आणते म्हणाल्या. पुढच्या पगाराला म्हणाल्या, विसरले. घरून निघताना कडीकुलूप तीनदा ओढून बघणारी बाई पासबुक विसरते? मी जाम चिडलो. "बाई, पैसे माझे आहेत."

"तुझेच आहेत. म्हणून तर भिते." त्यांनी पिशवी छातीशी धरली. "येत्या पगाराला नक्की."

तो पगार झालाच नाही. एका सकाळी पहिल्या पाळीला गेलो, तर गेटाला कुलूप आणि भिंतीवर नोटीस. कुणी ओरडलं नाही. इतकी माणसं आणि आवाज नाही, तेच भयंकर होतं. माझ्या डोळ्यांपुढे आईच्या गोळ्यांची डबी आली. भिशी त्याच दिवशी बुडाली. कुणी लबाडी केली नव्हती, कुणी पळालं नव्हतं. सगळ्यांचे हप्ते एकदम थांबले, एवढंच. शेवटच्या नंबराची वाट बघणारा सुनील गेटासमोर मातीत बसला होता. त्याने आपली आरडी आधीच मोडली होती. "आता घरी काय सांगू?" एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

पगाराची तारीख आली तेव्हा आम्ही गेटाबाहेरच होतो. बाई नेहमीसारख्या आल्या. आधी त्यांनी सुनीलच्या हातात चहा दिला आणि तो पिऊन होईपर्यंत त्याच्याजवळ बसल्या. मग माझ्याकडे आल्या आणि पिशवीतून माझं पासबुक काढून दिलं. तेवढ्यात मागून एक रिक्षा जोरात वळली, पण त्यांनी डोळे मिटले नाहीत.

"बाई, आज तुम्हाला भीती नाही वाटत?"

"माझी भरून झालीय," त्या म्हणाल्या. "भीती हप्त्याहप्त्यानं भरावी. एकरकमी भरायला गेलं की माणूस मोडतो." मग त्यांनी तोच प्रश्न विचारला. "किती दिवस जेवशील?"

"आईच्या औषधासकट दिवाळीपर्यंत," मी म्हणालो आणि सगळ्यांदेखत रडलो.

कंपनी पुन्हा उघडली नाही. दिवाळीच्या आत मला कॅम्प दोनमधल्या एका वर्कशॉपमध्ये काम मिळालं. तिथल्या सेठनी पहिला पगार हातावर ठेवला, तर बाई रस्त्यापलीकडे पिशवी घेऊन उभ्या! सुनीललाही त्यांनीच पुन्हा खातं उघडायला लावलं, अगदी लहान हप्त्याचं.

पुढे बाई आजारी पडल्याचं कळलं, म्हणून बदलापूरला गेलो. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. अंगाचं पार चिपाड झालेलं. मी विचारलं, "बाई, भीती वाटते का?"

"वाटते ना. रोजचा हप्ता आहे, रोज भरते," त्या म्हणाल्या आणि माझा हात त्यांनी बराच वेळ सोडला नाही. त्या गेल्याचं मला नंतर समजलं.

मध्यंतरी माझ्या मुलीचा पहिला पगार झाला. पेढे घेऊन आली. पेढा हातात धरूनच मी तिला म्हणालो, "कंपनीला उद्या कुलूप लागलं तर किती दिवस जेवशील?"

"बाबा, आजच्या दिवशी तरी घाबरवू नका ना!" ती हसत म्हणाली. जरा वेळाने पाहिलं, तर ती खिडकीशी उभी राहून बोटांवर काहीतरी मोजत होती आणि तिचं हसू गेलं होतं. मग मी पेढा खाल्ला.