यशवंतपूरचं बारसं आणि फोटोतली काळी चकती

बंगळूरमध्ये राहून बंगळूरमध्येच फिरून येण्याला प्रवासवर्णन म्हणावं का, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा इलेक्ट्रॉनिक सिटीतून यशवंतपूरला जाऊन दाखवावं. नागपूरहून नोकरीसाठी इथे आल्यापासून मी हंपी पाहिलं, कूर्ग पाहिलं, पण यशवंतपूर टाळत आले. त्यापेक्षा म्हैसूर जवळ वाटायचं. या वेळी मात्र टाळणं शक्य नव्हतं. माझी मामेबहीण रेवती तिथे राहते आणि तिच्या मुलीचं बारसं होतं. बाळ महिनाभर आधी जन्मलं, बरेच दिवस काचेच्या पेटीत राहिलं, त्यामुळे बाराव्या दिवसाचं बारसं तिसऱ्या महिन्यावर गेलेलं. फोनवर ती म्हणाली, "ताई, फोटो तूच काढ. बाहेरचा माणूस नको."

मी लगेच हो म्हटलं. नुकतीच एका सहकाऱ्याकडून वापरलेली वाइड अँगल लेन्स घेतली होती आणि ती मिरवायला निमित्त हवंच होतं. लेन्सच्या तोंडावर बसवायचं ते प्लास्टिकचं नळकांडं, म्हणजे हूड, तेही सोबत मिळालेलं. ते लावलं की आपण मोठे फोटोग्राफर दिसतो, म्हणून मी ते कधी काढतच नव्हते.

जायचं कसं, ते आधी सांगते. पिवळ्या लाइनची मेट्रो सुरू झाल्यापासून फ्लायओव्हरवर बसमध्ये आयुष्य काढायची गरज उरलेली नाही. इलेक्ट्रॉनिक सिटीला चढायचं, आर. व्ही. रोडला उतरून हिरव्या लाइनवर जायचं आणि थेट यशवंतपूर. तिकीट शंभराच्या आत. पिवळ्या लाइनवर दोन गाड्यांमध्ये जरा थांबावं लागतं, तेवढं गृहीत धरा. खिडकीजवळ जागा मिळाली तर मध्येच एखाद्या गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्यासुद्धा दिसतात. मला मिळाली नाही.

यशवंतपूरला उतरल्यावर कांद्याच्या पोत्यांचा वास येतो, घाऊक बाजार जवळच आहे. रिक्षावाल्याला पत्ता दाखवला तर "स्वल्प मुंदे" म्हणत तो बरंच पुढे घेऊन गेला. थोडंसं पुढे, असा त्याचा अर्थ. माझ्या अनुभवात या शहरातलं कुठलंही 'स्वल्प' खरोखर स्वल्प नसतं. वाटेत मोगरा घ्यायचा असेल तर स्टेशनसमोरच घ्या, आत गल्लीत मिळत नाही.

रेवतीचा नवरा प्रशांत पीण्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कारखान्यात सुपरवायझर आहे. घर मूळचं निपाणीकडचं, पण दोन पिढ्या इथेच गेल्या. त्याच्या आईला सगळी गल्ली अक्का म्हणते. अक्कांनी दारातच माझ्या हातात ताकाचा पेला दिला. "दमलीस व्हय? बस की. कॅमेरा लई मोठा आणलायस." मी मनातून सुखावले.

हॉल एवढासा, एकच खिडकी आणि तीही शेजारच्या भिंतीकडे उघडणारी. बायका दाटीवाटीने खाली बसलेल्या, मधोमध पाळणा. मागे सरकायला जागा नव्हती, म्हणून लेन्स पार रुंद करून ठेवली आणि कॅमेऱ्यावरचाच फ्लॅश उघडला. गोविंद घ्या, गोपाळ घ्या झालं, आत्याने कानात नाव सांगितलं, तिच्या पाठीत धपाधप बुक्के बसले. बाळाचं नाव मीरा. मी चटाचट फोटो काढत होते आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर एक नजरही टाकत नव्हते. एवढा आत्मविश्वास बरा नव्हे, हे नंतर कळलं.

घुगऱ्या वाटून झाल्या, पाहुण्या बायका पांगल्या, तेव्हा अक्का चष्मा लावून आल्या. "दाव बघू." मी कॅमेरा त्यांच्या हातात दिला. दोनतीन फोटो पुढे गेले आणि त्या थांबल्या.

"हे काय गं काळं? बाळाच्या अंगावर काय पडलंय?"

मी वाकून पाहिलं. फोटोच्या खालच्या कडेला मधोमध एक काळी अर्धगोल चकती. पाळणा बरोबर तिच्यात. बायकांचे चेहरे लख्ख, आणि बाळ जणू कुणी चावा घेऊन नेल्यासारखं अंधारात. पुढच्या फोटोत तेच. त्याच्या पुढच्यातही तेच.

"ग्रहण लागल्यागत दिसालंय," अक्का सहज म्हणाल्या.

रेवती उठून स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेले, तर ओट्याला धरून उभी. चेहरा पांढराफटक.

"ताई, ती पोटात असताना ग्रहण होतं ना. अक्कांनी पाळायला सांगितलं होतं. मी हो हो म्हटलं आणि खोलीत काकडी चिरून खाल्ली. भूक लागली होती गं. मग ती लवकर झाली. पेटीत ठेवली. मी कुणाला सांगितलं नाहीये."

ही मुलगी इंजिनियर आहे. एरवी मी तिला चांगलं फैलावर घेतलं असतं. पण ते ऐकून मलाच रडू आवरेना. महिनोन् महिने ही एका काकडीचं ओझं घेऊन जगत होती, आणि मी आणखी फोटोतून पुरावा आणून दिला होता. तो काळा डाग कशाचा आहे, हे मला तेव्हा खरंच ठाऊक नव्हतं. तीच माझी सगळ्यात मोठी भीती होती.

बाहेर येऊन मी फोटो पुन्हा लावले, या वेळी बाळ नसलेले. घुगऱ्यांच्या पातेल्याचा फोटो होता. त्याच जागी तीच चकती. रांगोळीवरही होती. जीव थोडा भांड्यात पडला. मग कॅमेरा उलटा धरून समोरून पाहिला आणि स्वतःच्या डोक्यावर हात मारून घेतला. फ्लॅश लेन्सच्या जेमतेम वर, आणि पुढे माझं ते मिरवायचं नळकांडं. उजेड खाली जाणार कुठून?

"अक्का, इथे बसा. रेवती, तूही ये."

ओटीतला नारळ चटईवर ठेवला, फोटो काढला. नारळ काळा. मग कॅमेरा उभा धरला. नारळ स्वच्छ आला आणि चकती बाजूला सरकून अक्कांच्या गुडघ्यावर बसली. अक्का गुडघ्याकडे बघत राहिल्या.

"म्हणजे तू वळवशील तिकडं जाणार ते?"

"हो. माझ्या लेन्सची सावली आहे ती."

हूड काढलं, चकती निम्मी झाली. मग दाराबाहेर गॅलरीत जाऊन उभी राहिले, थोडं झूम केलं, तेव्हा ती साफ गेली. तुमच्याकडेही असा कॅमेरा असेल तर लक्षात ठेवा: हूड काढा, अगदी रुंद टोकाला राहू नका, दोन पावलं मागे जा. लेन्स फारच लांबुडकी असेल तर वरचा फ्लॅश मिटून खिडकीचा उजेड वापरा, नाहीतर उंच बसणारा वेगळा फ्लॅश आणा.

रेवतीने नारळाचे फोटो परत परत पाहिले. मग अक्कांच्या पुढ्यात बसून काकडीचं सगळं सांगून टाकलं. अक्कांनी चष्मा काढून बाजूला ठेवला.

"मला सांगायचं नाही व्हय गं? एकटीच घेऊन बसलीस," त्या म्हणाल्या आणि तिला जवळ ओढलं. "पोर धडधाकट हाय. दूध पिते, लाथा मारते. सरी, ठीक हाय, आता बास." मग माझ्याकडे वळून, "परत काढ सगळे. नाव दुसऱ्यांदा सांगितलं म्हणून पोरगी काय विसरत नाही."

आत्याला परत बोलावलं. तिने आधी बजावलं की बुक्के फक्त नाटकातले मारायचे. मीरा या सगळ्यात जांभई देत होती. मी गॅलरीतून दारातून आत बघत फोटो काढले, प्रत्येक वेळी पडदा तपासून.

परतीची मेट्रो निवांत मिळाली, हिरव्या लाइनवर खिडकीसुद्धा. घरी पोचून फोटो रेवतीला पाठवले आणि उत्तराची वाट बघत झोपले. उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जरा धास्तावूनच फोन लावला, तर प्रशांतने उचलला. मागे मीराचा आवाज येत होता.

"ताई, रेवती झोपलीय अजून," तो हळू आवाजात म्हणाला. "बाळ झाल्यापासून रात्रभर उठून उठून मीराचा श्वास बघायची. काल पडली ती उठलीच नाही. आईनं सांगितलंय, कुणी हाक मारायची नाही. उठवू का?"

"नको," मी म्हटलं. "झोपू दे तिला."