दिवेलागणीआधी घरी

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. ते जमलं, कारण माझी थोरली बहीण चोळपुरम् रस्त्यावरच्या तयार कपड्यांच्या फॅक्टरीत शर्टांच्या कॉलर शिवत होती. तिला आम्ही अक्का म्हणतो. सकाळी आमच्या मेलकावेरी भागाच्या कोपऱ्यावर कंपनीची व्हॅन यायची ती वेळेवर. परतीची वेळ मात्र सुपरवायझरच्या मर्जीवर. माल पाठवायची घाई असली की काम लांबायचं, आणि घाई बहुतेक नेहमीच असायची.

अक्काला त्यात एकच गोष्ट सलायची. पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या आमच्या मराठी घरांतल्या बायका दर एकादशीला संध्याकाळी विठोबाच्या देवळात भजनाला बसतात. एक जण पुढे म्हणते, बाकीच्या मागून झेलतात. आईचा आवाज थकल्यावर पुढे म्हणायचा मान अक्काकडे आला होता. पण व्हॅन गावात पोचेपर्यंत आरतीही होऊन गेलेली असायची.

एकदा बातमी आली की ज्यांच्यासाठी हे शर्ट शिवले जातात त्या परदेशी कंपनीची माणसं पाहणीला येणार, आणि कामावरच्या बायकांपैकी एकेकीशी वेगळं बोलणार. व्हॅनमध्ये काय झालं ते अक्काने घरी येऊन नकलांसकट सांगितलं. कुणी म्हणाली पंख्यांचं सांगू, कुणी म्हणाली तासाला किती पीस काढायचे त्याचं सांगू. अक्का म्हणाली, "एकच मागायचं. चार मागितली तर एकही मिळत नाही. दिवेलागणीआधी घरी सोडा, बस."

आमच्याकडे देवापुढेही एकच मागायची रीत आहे; अक्काने तेही त्यांना सांगितलं. जास्त मागितलं तर हावरटपणा वाटतो.

तिच्या शेजारच्या मशीनवर बसणारी तमिळ बाई म्हणाली, "तुझ्या देवाला एक पुरत असेल अक्का. या लोकांना चार सांगितली तर निदान अर्धं कळेल."

सगळ्या हसल्या. तरी ठरलं अक्काच्याच मनासारखं. पाहणीच्या दिवशी प्रत्येकीने तेवढंच सांगितलं.

आणि ते मिळालं. आठ तास झाले की मशीन बंद. पहिल्या दिवशी अक्का उजेडात घरी आली तेव्हा आईने दारातच विचारलं, "काय गं, काढून टाकलं का तुला?" त्या संध्याकाळी आम्ही खूप खूश होतो.

पण कंपनीला शर्ट तेवढेच हवे होते. मशीनच्या प्रत्येक लाइनच्या टोकाला एक फळा असतो. तासाला किती पीस ते त्यावर खडूने लिहितात. तो आकडा वाढला. पूर्वी एखादी पाणी प्यायला उठली की मागच्या मशीनवरची तिचे दोन-चार पीस शिवून ठेवायची. अक्का शिवता शिवता अभंग गुणगुणायची, आणि आजूबाजूच्या बायका अर्थ न विचारता चाल उचलायच्या. ते लांबलेले दिवस चांगले होते असं मी म्हणणार नाही. पण आता कुणालाच मान वर करायला फुरसत उरली नाही. अक्काने दुपारचं पाणी प्यायचं सोडलं, म्हणजे उठावं लागत नाही.

एकादशीला ती वेळेवर देवळात आली. मीही होते. पहिला अभंग तिने उचलला. दुसऱ्या कडव्याला आवाज घोगरा झाला, मग ती खांबाला टेकली आणि तिने डोळे मिटले. आम्हाला वाटलं, तल्लीन झाली. ती झोपली होती. आमच्या मामीने हळूच पुढची ओळ घेतली. अक्काला कुणी हलवलं नाही.

घरी येताना मी म्हटलं, "ते लोक परत आले की फळ्याचं सांगा. मी इंग्रजीत नीट लिहून देते."

"मागच्या वेळी बाकीच्या ते सांगणारच होत्या गं," अक्का म्हणाली. "मीच गप्प केलं." थोडं चालल्यावर म्हणाली, "शेजारच्या मशीनवरची मला त्यावरून एक शब्दही बोलत नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं."

ते लोक अजून परत आलेले नाहीत. मी आता शाळेत शिकवते, अक्का अजून त्याच लाइनवर आहे. एकादशीला ती न चुकता येते, पण बसते मागच्या रांगेत, झेलणाऱ्या बायकांत. तिथे डोळा लागला तरी भजन अडत नाही.