धुक्यातली मुकी होडी

पुन्हा हॉर्न दिला. उत्तर नाही.

भंडारदरा धरणाच्या पाण्यावर त्या सकाळी धुकं इतकं दाटलं होतं, की मला लाँचचं पुढचं टोकही दिसत नव्हतं. साल एकाहत्तर-बहात्तरचं असेल. मी सरकारी लाँचवर ड्रायव्हर होतो. मागे डेप्युटी इंजिनिअर साहेब बसले होते, आणि त्यांना पलीकडे पोचायची घाई होती.

“समोर कुणी असतं तर ओ दिली असती. वाढवा स्पीड.”

समज माझाही तोच होता. लाँचला ब्रेक नसतो. इंजिन बंद केलं तरी ती पुढे घसरतच राहते. शिवाय तिच्यामागे उठणारी लाट वल्ह्याची होडी सहज उलटी करते. म्हणून धुक्यात आम्ही हॉर्न द्यायचा, होडीवाल्याने ओरडायचं, आणि बाजूला व्हायचं ते लाँचने. तरी त्या दिवशी माझा हात काही पुढे जाईना. भीती वाटत होती, पण कशाची ते सांगता येत नव्हतं.

“अहो, झोपलात का?”

मी स्पीड वाढवला. तेवढ्यात, अगदी नाकासमोर, तान्हं मूल रडलं.

मी चाक गर्रकन फिरवलं आणि इंजिन बंद केलं. हातभर अंतरावरून होडी गेली. म्हातारा वल्हवत होता, पुढ्यात त्याची सून. दोघांचीही तोंडं घट्ट मिटलेली. आमच्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. सून तळहाताने मुलाचं तोंड दाबत होती. आमच्या लाटेने होडी कलली, पाणी आत आलं, तरी हूं की चूं नाही.

काठावर मी म्हाताऱ्याला गाठलं. राग अनावर झाला होता. “बाबा, हॉर्न ऐकला नाही? ओरडायला काय झालं होतं?”

“आयकला की. पर तिथं खाली आमचं गाव हाय, डायवर. मसनवटाबी तिथंच बुडाला. त्यावरून जाताना आमी बोलत न्हाई.”

“मेला असतात!”

“व्हय. पर बोललं, तर खालची मानसं आवाज वळखत्यात. मागं येत्यात.”

इतका वेळ गप्प असलेली सून रडायला लागली. जीव वाचला म्हणून नव्हे. “मामंजी, ह्यो तर रडला. त्यांनी आयकलं आसंल का वो?”

म्हाताऱ्याने मुलाला नुसतं जवळ घेतलं.

धुक्यात होडीवाल्यांनी ओरडत जावं, असा साहेबांनी हुकूम काढला. बुडालेल्या गावावरून जाताना कुणीही ओरडलं नाही. शेवटी धुकं असेल तेव्हा त्या टप्प्यात लाँच न्यायचीच नाही, हे मी साहेबांकडून कबूल करून घेतलं. पुढे साहेब स्वतः तिथून जाताना, लख्ख उन्हातसुद्धा, एक शब्द बोलत नसत.

नव्या ड्रायव्हरांना मी एवढंच सांगत आलो: हॉर्नला उत्तर आलं नाही, म्हणून समोर कुणी नाही असं धरू नका.