बंद रस्त्यावरचं अज्ञात वाहन

रविवार, सकाळचे सव्वानऊ. धाराशिव शहराबाहेरच्या नव्या वसाहतीतला चौकोनी रस्ता. हौशी सायकलपटूंची शर्यत, शेवटची फेरी. सर्वांत पुढे असलेल्या माकणीच्या दत्ताला एका चारचाकीनं उडवलं. दत्ता गेला. रस्ता वाहतुकीसाठी बंद होता.

आयुष्यभर बातमीदारी केली, त्यामुळे बातमी चार ओळींत बसवता येते. किस्से बसत नाहीत. सायकलवाल्यांच्या टोळक्यात किस्से चेनवरच्या धुळीसारखे साचतात. पुसायला गेलं की बोटं काळी होतात. दत्ता गेल्यापासून तर कुणीही तोंड उघडलं की त्याचाच किस्सा निघतो. आम्ही हसतो. मग एकाएकी सगळ्यांनाच आपापल्या टायरमधली हवा तपासायची असते.

*

या प्रकारच्या शर्यतीला क्रिटेरियम म्हणतात. लांबचा पल्ला नाही. गावातल्याच एका छोट्या चौकोनाला फेऱ्या मारत राहायचं. शेवटच्या फेरीला घंटा वाजते. 'क्रिटेरियम' हा शब्द आमच्या तोंडी कधी बसला नाही. उमरग्याचे मल्लप्पा अण्णा किराणा दुकान चालवतात आणि वयाची साठी जवळ आली तरी शर्यतीत उतरतात. त्यांनी पहिल्या वेळी दुकानाच्या शटरवर पाटी लावली : "क्रिमिनलमुळे दुकान उद्या बंद राहील."

संध्याकाळपर्यंत दोन पाहुणे वकील घेऊन हजर!

दत्ताच्या वडिलांनी मात्र या शर्यतीचं बारसं एका दमात केलं. पोरगा काय करायला जातोय हे त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजी घाणा की रं! बैलागत तिथल्या तिथंच फिरायचं, तर माकणीहून धाराशिवला कशाला मरायला जातूस?"

तेव्हापासून आम्ही सगळेच "घाणा" म्हणायला लागलो. 'मरायला' हा शब्द आपण बोलण्यात किती सहज घालतो! म्हातारा आता फारसं बोलतच नाही.

*

दत्ताचा पहिला घाणा. शेतकरी गडी, ऊस आणि सोयाबीन करणारा. धरणाच्या कडेच्या रस्त्यावर रोज पहाटे एकटाच सायकल हाणायचा. शर्यत कशी असते हे त्यानं मोबाईलवर पाहिलेलं, तेवढंच.

सुटला तो सुसाट! एवढा पुढे गेला, की पूर्ण चौकोन फिरून आमच्या घोळक्याच्या मागे येऊन ठेपला. आम्ही एक फेरी मागे. पण त्याला समोर पाठी दिसल्या. त्याला वाटलं, हे लोक आपल्या पुढे आहेत! जीव तोडून त्यानं आम्हाला गाठलं, ओलांडलं. शर्यत संपली, तो जिंकला, तरी पठ्ठ्या थांबेना. अजून एक फेरी मारून आला तेव्हा आम्ही हसून हसून अक्षरशः आडवे झालो.

"अरे, जिंकलास! थांबायचं नाही का?"

"कसं थांबू, दादा? पुढं माणसं दिसत हुती की वो!"

*

अण्णा हमखास शेवटचे. दत्ता त्यांना एका शर्यतीत दोन-तीनदा ओलांडायचा आणि दर वेळी ओरडायचा, "अण्णा, बेग बेग!" लवकर लवकर. कानडीतले एवढेच दोन शब्द त्याला येत. अण्णांनीच शिकवलेले.

अण्णा मागून ओरडायचे, "व्हय पुढं! म्या तुझ्या मागंच हाय, कुणालाबी इचार!"

आणि दिसायचंही तसंच. लांबून पाहणाऱ्याला वाटायचं, दत्ता पहिला आणि अण्णा दुसरे. अण्णांच्या घरच्यांनी एकदा या समजुतीवर पेढेसुद्धा वाटले होते.

*

आता त्या रविवारचं. शर्यत सातला सुटणार होती. प्रमुख पाहुणे एक पुढारी. माईकवरून दर दहा मिनिटांनी : "साहेब तुळजापूरहून निघालेले आहेत!" आमचे पाय गार पडले, ऊन तापलं, तरी साहेब आपले तुळजापूरहून निघतच होते.

दत्ता मला म्हणाला, "दादा, साहेबांस्नी सायकल पाठवू का? ह्याच्या आधी पोचत्याल."

साहेब आले. हार झाले, आरोग्यावर भाषण झालं, झेंडा खाली आला, आम्ही सुटलो. तेवढ्यात फोटोग्राफर ओरडला, "साहेब, परत एकदा! फोटो हलला!" साहेबांनी परत झेंडा फडकवला. दुसऱ्या दिवशी आमच्याच पेपरात तो फोटो आला : साहेब मोठ्या जोशात मोकळ्या रस्त्याला झेंडा दाखवताहेत!

साहेबांना पुढे बार्शीला लग्न होतं, हेही माईकवरूनच कळलं. ते कधी निघाले, कशातून निघाले, कोणत्या बाजूनं निघाले, हे माईकवरून कळलं नाही.

*

घंटा वाजली. दत्ता पुढे, एकटाच. मी बऱ्याच मागे. अण्णा त्याहून मागे, म्हणजे दिसायला दत्ताच्या पाठीशी. त्यामुळे तिसऱ्या वळणावर जे घडलं ते शर्यतीतल्या एकाच माणसानं पाहिलं. पांढरी गाडी समोरून आली, उलट दिशेनं. दत्ता हवेत उडाला. गाडी थांबली नाही.

पोलिसांनी अण्णांना नंबर विचारला. अण्णा म्हणाले, "नंबर? म्या दत्ताकडं बघत हुतो, साहेब. तुम्ही असता तर कुणाकडं बघितलं असतं?"

शेवटच्या रेषेवर यातलं काहीच दिसत नव्हतं. माईकवाला चेकाळलेला. "माकणीचे दत्ता आता कोणत्याही क्षणी येतील! टाळ्या थांबवू नका!" लोकांनी थांबवल्या नाहीत. वळणावर त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो, तेव्हा त्या टाळ्या मला ऐकू येत होत्या.

अँब्युलन्स होती ना! त्याशिवाय परवानगी मिळत नाही. ती पहाटेच आली, म्हणून सावलीला स्टेजमागे लावली. नंतर मांडववाल्यानं तिच्या तोंडासमोरच खांब रोवले. ते उपटेपर्यंत आम्ही अण्णांच्या टेम्पोत तेलाचे डबे बाजूला सारून दत्ताला दवाखान्यात नेलंही. तिथून सोलापूरला हलवायला सांगितलं. तेव्हा अँब्युलन्स मोकळी झाली होती. वाटेत तामलवाडीच्या अलीकडेच सगळं संपलं.

*

संध्याकाळी ऑफिसात गेलो. अंगावर तेच कपडे. आमच्या तरुण सहकाऱ्यानं बातमी तयार ठेवली होती : "अज्ञात वाहनाच्या धडकेत सायकलपटूचा मृत्यू."

'अज्ञात वाहन' हा शब्दप्रयोग आमच्या पेपरात मीच रुळवलेला आहे. हायवेवर रात्री कुणी चिरडला जातो, पाहणारा कुणी नसतो, तेव्हा आम्ही 'अज्ञात वाहन' लिहितो. नाइलाज असतो. पण भर सकाळी? जिथं सायकलशिवाय चाक फिरायला बंदी, तिथं?

"सर, फिर्यादीत तसंच आहे," तो म्हणाला.

"फिर्यादीत असू दे! तू बातमीदार आहेस की कारकून?"

मी 'अज्ञात' खोडून 'पांढऱ्या' लिहिलं. सकाळी पेपर उघडला. छापून आलं होतं, 'अज्ञात'. वरून फोन आला होता म्हणे. फोन कुणाचा, तर तोही अज्ञात!

*

दत्ताच्या शोकसभेत आयोजकांनी जाहीर केलं, की पुढच्या वर्षीपासून शर्यतीला दत्ताचं नाव द्यायचं. टाळ्या पडायच्या बेतात होत्या. अण्णा उठले. "नाव त्येचं लई चांगलं हाय. त्येला माझी ना न्हाय. आधी त्या गाडीचं नाव सांगा."

सभा लगेच संपली. दोन मिनिटं उभं राहायचंही विसरले.

*

परवा दत्ताची बायको सुरेखा आणि तिचे सासरे यांना घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. अधिकारी माणूस सभ्य. खुर्च्या दिल्या, चहा मागवला. म्हणाला, "ताई, तपासात आम्ही काही कमी ठेवलेलं नाही. त्या रस्त्याला बाहेरून येणारी चार तोंडं आहेत. चारही ठिकाणी बांबू लावलेला, एक शिपाई आणि एक स्वयंसेवक उभा. आठही जणांचे जबाब झालेत. आठही जण एकच सांगतात. सकाळपासून एकही गाडी आत सोडली नाही. अँब्युलन्स आणि तुमचा टेम्पो सोडला, तर एकही गाडी बाहेर गेली नाही."

मी भांडायच्या तयारीत होतो. सुरेखानं माझ्याकडे पाहिलं नाही. तिनं चहाचा कप टेबलावर ठेवला.

"आत बी आली न्हाय अन् बाहेर बी गेली न्हाय," ती म्हणाली. "मग साहेब, ती गाडी अजून आतच असंल की. चला, बघून येऊ."