तळ्याचं निंदण

आमच्या वडनेरच्या शिवारात तळं निंदणारा मी पहिला माणूस आहे, आणि बहुतेक शेवटचाही.

हे शेततळं मी संत्र्याच्या बागेसाठी खोदलं होतं. संत्रा काही जगला नाही, तळं तेवढं उरलं. मग माझ्या बायकोनं, सुनंदानं, त्यात रोहू-कतल्याची बोटभर पिल्लं सोडली. कापूसवाल्याच्या घरी मासे, म्हणून गाव हसलं. माझी आई मासे खात नाही आणि घरात शिजूही देत नाही. ती म्हणाली, "पाण्यात काय कराचं ते कर बाई, चुलीवर नाई." सुनंदानं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि वर्षभर रोज सकाळी तळ्यावर गेली. दसऱ्यानंतर तिचे पहिले मासे निघायचे होते. हे जमतं, एवढंच तिला गावाला दाखवायचं होतं.

अशात भाद्रपदात तिच्या धाकट्या बहिणीचं बाळंतपण आलं. दहा दिवसांसाठी बोरगाव मेघेला जाताना ती मला बजावून गेली, "रोज दोन ओंजळी कोंडा टाका. बाकी तळ्याले हात नोका लावू."

आता हात लावू नका म्हणजे काय? मी पिढीजात शेतकरी. (नुकसानही पिढीजातच, पण ते असो.) तळ्याच्या काठाला गुडघाभर गवत माजलेलं, पाण्याखाली लांब हिरव्या दोऱ्यांचं जंगल, त्यावर चतुर भिरभिरतायत. माझे हात शिवशिवू लागले. आमच्याकडे वावरात तण दिसलं, की येणारा-जाणारा धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, थांबून विचारतो, "काऊन भाऊ, तब्येत बरी नाई का?" तेव्हा दुसऱ्याच दिवशी मी निंदायला चार बाया बोलावल्या. त्या विळे घेऊन आल्या आणि इकडेतिकडे बघू लागल्या.

"निंदाचं कुठं, भाऊ?"

"तळ्यात."

चौघी एकमेकींकडे बघत राहिल्या. त्यातली वयस्क बाई म्हणाली, "सुनंदाबाईले इचारलं का?"

"वावराचा मालक मी आहो," मी म्हणालो. त्या बिचाऱ्या कंबरभर पाण्यात उतरल्या.

संध्याकाळपर्यंत तळं आरशासारखं लख्ख झालं. काठावर हिरव्या दोऱ्यांचा हा एवढा ढीग! आता निंदण झालं की खताचा डोज द्यायचा, हे आमच्या हातांना डोक्याला न विचारता माहीत असतं. घरात अर्धी थैली युरिया पडलेलाच होता. तो मी मूठ-मूठ करून, कपाशीच्या पऱ्हाटीला द्यावा तितक्या मायेनं तळ्याला दिला.

आठवड्यात पाणी असं हिरवंगार झालं की विचारू नका. बुडवलेला हात कोपरापर्यंत दिसेना. शेजारच्या वावरातले वासुदेवभाऊ मुद्दाम बघायला आले. "तळं असावं तं असं," ते म्हणाले. "सोमवारी तुह्या बाया माह्या तळ्यावर पाठवजो." मी नम्रपणे हो म्हणालो. कौतुक झालं की मला नम्रता फार चांगली जमते.

नवव्या दिवशी पहाट ढगाळ होती. आई आणि मी तळ्यावर गेलो, तर काय नवल! सगळे मासे वर आलेले, तोंडं पाण्याबाहेर काढून उघडमीट करतायत.

"भूक लागली वाटते लेकरायले," आई म्हणाली. (हीच ती चुलीवर नाई म्हणणारी. कमरेच्या पिशवीत ती माशांसाठी मुरमुरे बाळगत होती, हे मला त्या दिवशी कळलं.)

"भूक नाई, आई. ते मले ओळखून राह्यले," मी म्हणालो. मी चांगला पाटीभर कोंडा टाकला आणि व्हिडिओ काढून सुनंदाला पाठवला. खाली लिहिलं, 'तुझ्यापेक्षा माझ्यावर जास्त जीव.'

अर्ध्या मिनिटात फोन वाजला.

"अहो, ते मरून राह्यले! श्वास घ्याले वर आले ते. काय केलं तुमी तळ्याले?"

मी सांगितलं. निंदण सांगितलं, युरिया सांगितला, कोंडाही सांगितला. पलीकडे तिच्या बहिणीचं बाळ रडायला लागलं.

"मोटार लावा. विहिरीचं पाणी उंचावरून तळ्यात पडू द्या."

"मोटारीची लाईन नऊ वाजता येते."

"मंग उतरा पाण्यात अन् बडवा ते. हवा मिसळू द्या त्याच्यात. मी निघालीच."

मी कपडे बदलायचा विचार न करता पँटसकट उतरलो आणि बादलीनं पाणी उपसून उंचावरून टाकू लागलो. मागे धप्पकन आवाज झाला. बघतो तर आई लुगडं खोचून घमेल्यानं पाणी बडवत होती, आणि माझ्यापेक्षा जोरात. वासुदेवभाऊ धुऱ्यावर थबकले. मायलेक पहाटे तळ्याला मारतायत, हे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं असावं. कारण कळल्यावर ते पळत गेले आणि पाठीवर फवारणीचा पंप घेऊन हजर झाले.

"हा फवारणीचा पंप घे, याच्यानं मस्त फवारा उडते!"

काठावर ठेवलेला फोन अजून चालूच होता. त्यातून सुनंदा ओरडली, "कोण हाय ते? त्या पंपात बोंडअळीचं औषध व्हतं! लांब करा त्याले!"

वासुदेवभाऊ पंपासकट वीस पावलं मागे सरले आणि घरून गंज, म्हणजे मोठं पातेलं, घेऊन आले. मग आम्ही तिघं बडवत राहिलो. ढग फाटून ऊन पडलं, नऊला मोटार सुरू झाली आणि तोंडं एकेक करून पाण्याखाली गेली.

सुनंदा आली तेव्हा काठावर बावीस मासे आडवे होते. ती खाली बसली. एकेक उचलून बाजूला ठेवत राहिली. ती भांडली असती तर मला सोपं गेलं असतं. मला स्वतःची फार लाज वाटली, आणि ते मी तिला सांगितलंही.

"ते तण नव्हतं," ती शेवटी म्हणाली. "ते गवतच पाण्यातलं खत पिऊन घ्याचं. तुमी ते काढलं अन् वरून युरिया देल्ला, म्हून पाणीच हिरवं झालं. ते हिरवं दिवसा हवा बनवते अन् रातभर सगळी पिऊन टाकते. पहाटे माशायले काय उरीन?"

मग ती उठली. सगळं काही गेलं नव्हतं, खाली पुष्कळ मासे होते. पण पाण्यात लावायला गवत आणायचं कुठून? वासुदेवभाऊंच्या तळ्यातून! सोमवार उजाडायचा होता, म्हणून ते वाचलं होतं. त्यांनी पाटीभर हिरवे दोरे आणून दिले, आणि सुनंदानं ते तळ्याच्या एका कोपऱ्यात, रोप लावावं तसे बसवले.

दिवाळीपर्यंत पाणी निवळलं. चतुर परतले. मासे ठरल्यापेक्षा महिनाभर उशिरा निघाले, पण असे निघाले की हसणारे लोक पिशव्या घेऊन आले. आता आजूबाजूच्या गावांतून बाया तळं बघायला येतात. सुनंदा त्यांना पाण्यातलं गवत दाखवते, त्यातले किडे दाखवते, कोण कुणाला खातं ते समजावते. मी मागे उभा असतो, हात पाठीशी बांधून. (ही आईची अट.)

परवा जाम गावच्या एका बाईनं विचारलं, "बगळ्यायचा लय तरास होत असंन ना, ताई?"

"बगळ्याचं काय," सुनंदा म्हणाली, "दोन-चार मासे खाते अन् उडून जाते."

मग तिनं माझ्याकडे बोट दाखवलं.

"हे घरीच राह्यतेत."