लांब बाह्यांचे तीन पोशाख

मावशी कुस्तीच्या कंपनीत बावीस वर्षं शिवणकाम करत होत्या. कुस्ती म्हणजे तिकीट लावून केलेली, आधी ठरवलेली. कोण हरणार हे मावशींना सकाळीच कळायचं, कारण ज्याचा अंगरखा फाटायचा त्याची शिवण त्यांनाच सैल घालावी लागे. लुटुपुटूची म्हणून हसू नका. रिंगच्या फळीवर पाठ आपटते ती खरीच आपटते. इतकी अंगं मापल्यावर मावशी वळ बघून डाव सांगायच्या. पाठीवर, मांडीवर, कोपरावर वळ असायचेच. दंडाच्या आतल्या बाजूला मात्र कधी काही नसे. हात उघड्या पंजानं धरायचा, बोटं रुतू द्यायची नाहीत, हा या धंद्यातला पहिला धडा.

कंपनीचा लाडका पैलवान म्हणजे वादळ. लहान पोरं त्याच्या नावाची पट्टी कपाळाला बांधून यायची. त्याची बायकोही बायकांच्या कुस्त्या खेळायची. एक दिवस ती शिवणखोलीत आली आणि म्हणाली, थंडी वाजते, बाह्या लांब करून द्या. थंडी कसली डोंबलाची! दिव्यांच्या उष्म्यानं तिथं पंचसुद्धा घामाघूम व्हायचा. मावशींनी दंडाला टेप लावला. आतल्या बाजूला चार बोटं, बाहेर अंगठा, काळेनिळे. मावशींनी पाहिलं, आणि तिनं भिंतीकडे पाहिलं.

"मनगटापर्यंत घेऊ ना?" मावशी एवढंच बोलल्या.

वर्षात असे तीन पोशाख झाले. तिसऱ्याचा गळाही बंद होता. धुलाईत कपड्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून मावशी प्रत्येक पोशाखाच्या गळ्याला आतून पट्टी लावत. त्यावर दोऱ्यानं कुणाचा, कोणत्या तारखेचा आणि काय बदल केला, ते काढलेलं असे. तेच मापाच्या वहीतही लिहीत. लिहिताना हात चालायचा, तोंड तेवढं मूग गिळून बसायचं.

मग एके दिवशी ती नेसत्या कपड्यांनिशी घर सोडून गेली आणि तिनं नवऱ्याविरुद्ध पोलिसांत तक्रार केली. कंपनीनं सांगून टाकलं की रिंगमध्ये उतरणाऱ्यांच्या अंगावर वळ असायचेच, आणि दोघंही आमच्याच घरची माणसं आहेत. मावशींचा जीव जळला. त्या कंपनीच्या साहेबांकडे गेल्या, रिंगमधला वळ कसा असतो आणि हा कसा होता ते समजावून सांगितलं, आणि वही त्यांच्या पुढ्यात ठेवली. इथंच त्या चुकल्या. माप कंपनीचं, वही कंपनीची, शंका असली की ऑफिसला दाखवायची, ही त्यांची बावीस वर्षांची सवय. साहेब अगदी गोड बोलले. बरं केलंत मावशी, म्हणाले. दोन दिवसांनी वही परत आली ती तीन पानं कमी होऊन. पानं इतकी सरळ कापली होती, की शिवणाऱ्यालाही तसं कापणं जमलं नसतं.

आठवड्याभरात कंपनीनं आपला निकाल लावला. वादळला घरी बसवलं नाही, खलनायक केलं. लोक रोज त्याला शिव्या घालतील, याहून मोठी शिक्षा ती कोणती, असं साहेबांचं म्हणणं. मावशींनी त्याचा काळा पोशाख शिवला. लोकांनी खुर्च्यांवर उभं राहून त्याच्या नावानं बोंब मारली, आणि हा बाबा त्या बोंबेवर गुटगुटीत झाला. मग साहेबांना आणखी एक युक्ती सुचली. एक नवी मुलगी रिंगमध्ये त्याची बायको म्हणून आणायची, तो तिला दंडाला धरून फरपटत नेणार. ऑफिसातून निरोप आला, की कपाटातले लांब बाह्यांचे तीन पोशाख तिच्या मापाचे करून द्या.

मावशींनी पोशाख काढले आणि शिवण उसवायला ब्लेड घेतलं. गळा उलटा केला तर आत पट्टी. तिन्ही पट्ट्या जागच्या जागी, तिन्ही तारखांसकट. मावशींनी ब्लेड खाली ठेवलं. मग तिन्ही पोशाख घडी करून त्यांनी पिशवीत घातले आणि भर दुपारी फाटकाबाहेर पडल्या. काम घरी न्यायला लागलात का मावशी, म्हणून फाटकावरच्यानं थट्टा केली. हो बाबा, आता घरीच, असं म्हणून त्या निघून गेल्या.

तिचा खटला चालवणाऱ्या वकीलबाईंच्या खोलीत वादळची बायको बसली होती, अर्ध्या बाह्यांत. मावशींना तिच्याकडे बघवेना. वकीलबाईंनी पट्ट्या वाचल्या, तारखा टिपून घेतल्या. मग म्हणाल्या, की नुसत्या पट्ट्यांनी भागणार नाही. वळ तुम्ही पाहिलेत, कशाचे ते ओळखलंत, हे कोर्टात सांगावं लागेल. आणि सांगितलंत की समोरचा वकील विचारणार, तेव्हा गप्प का बसलात?

"ओळखले होते," मावशी म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी. तिन्ही वेळा मुकाट्यानं माप घेतलं. नोकरी जाईल म्हणून घाबरले, दुसरं काही नाही."

तिनं मावशींकडे मान वळवली.

"तिसऱ्या वेळी मी भिंतीकडे बघत नव्हते, मावशी," ती म्हणाली. "तुमच्या तोंडाकडे बघत होते. म्हटलं, आज तरी विचाराल."

वकीलबाईंनी तेही लिहून घेतलं.